हिरवळीचे आभारप्रदर्शन

‘सदर हिरवळ ही घरमालकीण डॉ. शरयू लिमये यांच्या स्पष्ट सूचनेवरून व त्यांच्या सौंदर्यदृष्टीस अनुसरून लावण्यात आली असून, तिच्याशी सह्याद्री स्नेहमंडळाचा, मंडळाच्या अध्यक्षांचा अथवा मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाचा दुरान्वयानेही संबंध नाही.’

हे निवेदन परप्रांतातल्या आम्हा मराठी माणसांच्या मंडळाचे अध्यक्ष श्री. गजानन उपासनी यांनी माझ्याच अंगणात, त्याच हिरवळीवर, पायांत बूट घालून उभे राहून वाचले. ऐकायला आमच्या गल्लीतली चार वडीलधारी माणसे जमली होती आणि त्यांच्या सोयीसाठी उपासनींनी हिंदी अनुवाद स्वतः केला होता. ‘सौंदर्यदृष्टी’ला काय म्हणावे ते न सुचल्यामुळे त्यांनी तिथे ‘मॅडम का शौक’ असे म्हटले. अनुवाद मुळापेक्षा घातक कसा होतो, याचे इतके सुबक उदाहरण मला सबंध अध्यापनाच्या काळात सापडले नव्हते.

माझा व्यवसाय जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा. कुठला शब्द मूळचा आणि कुठला मागाहून घुसडलेला, हे ओळखण्यात माझी हयात गेली. त्या सवयीने सांगते. ‘स्पष्ट सूचना’ मी दिली होती हे खरेच. ती अशी, की या अंगणाला हात लावायचा नाही. ‘सौंदर्यदृष्टी’ हा शब्द, दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडताना ते फुलदाणीसारखे दिसावे म्हणून वापरतात. राहिले ‘मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाचा’ हे शब्द. माझ्या तक्रारीत कार्यक्रमाचा उल्लेखही नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या संहितेत सापडते, तेव्हा तिच्या लेखकाची झोप त्या प्रश्नानेच उडालेली असते. माझ्या मते सगळ्या निवेदनात तेवढेच शब्द अस्सल होते.

पण गल्लीतल्या माणसांना पाठचिकित्सेत रस असण्याचे कारण नव्हते. त्यांनी हिरवळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती निघून गेली.

थरच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या शहराचे नाव मी सांगत नाही. शहराचा यात काही दोष नाही. तिथल्या एका ग्रंथभांडारातल्या पोथ्यांची सूची करायला मी गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच एक जुने घर घेऊन राहिले. घरापुढे मोठे अंगण होते. चुन्याने घोटलेले, कडेला किंचित उतरते, आणि त्यावर गवताची काडी नाही. पुण्यामुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा ते पाहून हळहळत असे: ‘केवढी जागा वाया गेलीय!’

ती वाया गेलेली नव्हती. त्या अंगणाखाली टांके होते, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचा भुयारी हौद. त्या मुलखात वर्षाकाठी जे काही पाणी आकाशातून येते, ते या उघड्या अंगणावरून वाहत कडेच्या जाळ्यांतून आत उतरते आणि पुढच्या पावसापर्यंत तेच प्यायचे असते. अशा अंगणाला तिथे आगोर म्हणतात. आगोर झाडून लख्ख ठेवायचे, त्यावर चपला घालून जायचे नाही, गुराढोराला फिरकू द्यायचे नाही. जमिनीखालचे पाणी खारे आणि नळाचे पाणी लहरी, अशा ठिकाणी हा सोवळेपणा कर्मकांडाचा नसतो.

आणखी एक गोष्ट. हे टांके माझे एकटीचे नव्हते. शेजारशेजारची ती दोन घरे कधीकाळी दोन भावांनी बांधली होती आणि पाणी दोघांत एक ठेवले होते. टांक्याचे एक तोंड माझ्या अंगणात, दुसरे भिंतीपलीकडे. भाऊ गेले, घरे विकली गेली, पाणी मात्र सामाईक राहिले. पलीकडच्या घरात भंवरलाल बोथरा राहत. त्यांच्या पत्नीला मुतखड्याचा जुना विकार होता आणि वैद्यांनी खाऱ्या पाण्याचा थेंबही वर्ज्य सांगितला होता. त्या बाई जगत होत्या त्या टांक्यावर.

बोथरांची आणि माझी ओळख मी राहायला गेले त्याच दिवशी झाली. मी माझ्या पुस्तकी हिंदीत काहीतरी विचारत होते, तेव्हा भिंतीवरून आवाज आला, “मराठीत बोला की ओ बाई! कशाला जिभेला तरास?”

मी चकित झाले. बोथरा हसले. “उभी हयात इचलकरंजीत काढली. मेन रोडला कापडाचं दुकान हुतं आमचं. आता मुलगा बघतोय. मी म्हातारपणी गावाकडं आलो, पण स्वप्नं अजून मराठीतच पडत्यात बघा.”

“इथल्या मंडळात कधी आला नाहीत?”

“कोण बोलावतंय ओ? अध्यक्ष दिसले की म्हणत्यात, ‘क्या शेटजी, धंदा कैसा है?’ मी म्हणतो, ‘ठीक है.’ त्यास्नी एवढंच पुरतंय.”

मला खरी गरज होती ती एका माळ्याची. घराची पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापे आणि नेमकी त्याच भिंतीला आतून माझी पुस्तके होती. वाळवंटी उन्हाला पुस्तकाचा पुठ्ठा पापडासारखा वाटतो. तेव्हा त्या भिंतीच्या बाहेर, घराच्या मागच्या अंगाला, सावली धरतील अशी त्या मातीतली झाडे लावणारा, सांगितल्या दिवशी येणारा आणि सांगितले तेवढेच करणारा माणूस मला हवा होता. ही अपेक्षा माफक आहे असे मी समजत होते. पहिला आला तो स्वतःला सल्लागार म्हणवीत होता. त्याने मला कारंज्याचे चित्र दाखवले. दुसरा, किसनाराम नावाचा, भिंत पाहून म्हणाला की होळीनंतर येईन, जमलं तर. तिसऱ्याने झाडांना पाणी किती लागेल हे विचारण्याऐवजी थेट माझे यजमान काय करतात हे विचारले.

ही हकिगत मी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितली, आणि उपासनी, जे हळदीकुंकवालाही अध्यक्ष या नात्याने उपस्थित असत, दुखावले गेले.

“शरयूताई, आपला माणूस असताना तुम्ही बाहेर शोधताय?”

“आपला म्हणजे?”

“दत्ताराम शेलटकर. अस्सल कोकणातला. आमच्या हिच्या माहेरच्या गावचा. गेली कित्येक वर्षं इथं मंडळींच्या बागा करतोय, एक तक्रार नाही. विचारा कुणालाही.”

मी विचारले. खरोखरच तक्रार नव्हती. ज्यांच्या बागा त्याने केल्या ते बँकेतले, रेल्वेतले, लष्करातले लोक बदली होऊन गेले होते आणि बागा त्यांच्याही आधी गेल्या होत्या. उरलेल्या एका वहिनी म्हणाल्या, “अहो, वास्तुशांतीला काय सुंदर दिसत होती बाग! मग गेली ती. पण बोलायला किती गोड! माणूस घरी आला की कानाला बरं वाटतं.” परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला विश्वासू माणसाची हीच व्याख्या पुरते: त्याच्याशी घासाघीस मातृभाषेत करता यावी.

शेलटकर आला. पन्नाशीचा, हसरा, कपाळावर गंध. मी त्याला पश्चिमेची भिंत दाखवली. तो मात्र वळून वळून अंगणाकडे पाहत होता.

“मॅडम, ही जागा म्हणजे सोनं हो. इथं मस्त लॉन मारूया.”

“इथे काहीही मारायचे नाही. हे आगोर आहे. याच्या खाली पिण्याचे पाणी आहे, आणि ते दोन घरांचे आहे. या अंगणाला हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं, मॅडम.”

“काय कळलं ते सांगा.”

“अंगणाला हात नाही लावायचा.”

“तुम्ही हे काम शिकलात कुठे?”

“तसा मी डेकोरेशनवाला. गणपतीची मखरं, लग्नाची स्टेजं. इकडं आलो तर म्हटलं, पानाफुलांचंच काम, काय फरक आहे?”

फरक असा, की मखर विसर्जनापर्यंत टिकले म्हणजे झाले. त्या दिवशी मी हे मनात म्हटले. मोठ्याने म्हणून त्याला वाटेला लावण्याऐवजी एका प्रबंधाच्या परीक्षेसाठी आणि काही पोथ्या पडताळण्यासाठी मी भिंतीचे काम त्याच्यावर सोपवून पुण्याला निघून गेले. किल्ली उपासनींकडे ठेवली. अध्यक्षांकडे किल्ल्या ठेवण्याची मंडळात प्रथाच होती.

परतले ती एप्रिलच्या अखेरीस. फाटक उघडले आणि वाटले, घर चुकले. अंगण हिरवेगार होते. डोळ्यांना सुखावणारे, गुबगुबीत, निर्लज्ज हिरवे. दिल्लीहून ट्रकने आणलेल्या गवताच्या गुंडाळ्या लाल माती आणि शेणखत घालून आगोरावर अंथरल्या होत्या. मधोमध, टांक्याच्या तोंडातून एक जाड काळी नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला फवारा गोल गोल फिरत होता. म्हणजे प्यायचे पाणी मोटरने वर येत होते, गवतावर पडत होते, खतातून, युरियातून झिरपत कडेच्या जाळ्यांतून पुन्हा टांक्यात जात होते आणि पुन्हा वर येत होते. सृष्टीतील जलचक्राचे इतके संक्षिप्त आणि इतके घाणेरडे प्रात्यक्षिक मी दुसरे पाहिलेले नाही.

पश्चिमेची भिंत होती तशीच होती. भकास आणि तापलेली.

शेलटकर खुरपे घेऊन समोर आला. चेहऱ्यावर वरपित्याचा आनंद.

“कसं वाटलं, मॅडम? आणि जाळ्या होत्या म्हणून ड्रेनेजची सोय आयतीच झाली!”

मी नळीकडे बोट दाखवले. “मोटर बंद करा. हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?”

तो खुरप्याची माती झाडू लागला. “तुम्हीच नाही का सांगितलंत? मला तर असंच सांगितलं की तुमचा फोन आला म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

“जाऊ दे ना, मॅडम. छान दिसतंय ना?”

फाटकाशेजारी मांडवाचे बांबू रचलेले होते. त्यांना टेकून एक गुंडाळलेला कापडी फलक होता. मी तो उलगडला. ‘महाराष्ट्र दिन सोहळा. प्रमुख पाहुणे: प्राचार्य हर्डीकर, पुणे. विषय: संतसाहित्यातील निसर्ग. स्थळ:’ आणि पुढे माझा पत्ता.

भिंतीपलीकडे गेले, तेव्हा बोथरा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटले नाही. त्यांच्यापुढे पितळी कळशी होती. तिच्यातल्या पाण्याला पिवळट रंग होता आणि गोठ्याचा वास.

“वर्षाचं पाणी हुतं, बाई. दोन घरांचं.”

“भंवरलालजी, मी हे सांगितलेलं नाही. मी इथे नव्हते.”

“ते मला ठावं हाय. पण तुमचे अध्यक्ष येऊन सांगून गेले. ‘शेटजी, मॅडम ने बोला तो हम ने किया, हमारे हाथ में क्या है?’ फोनवरनं सांगितलासा म्हणं.”

“खोटं आहे ते.”

“असंल. तुमचा शबूद हाय, त्यांचा शबूद हाय. मी कुणाचा खरा म्हणू? गवत तुमच्या अंगणात हाय.” त्यांनी कळशी बाजूला सारली. “हिला काल लेकीकडं धाडली. हितं पाजू काय तिला? आणि एक सांगतो, राग मानू नका. टांक्यात मधी भिंत घालून घेणार हाय मी. तुमचं तुमच्याकडं, आमचं आमच्याकडं. दोन भावांनी एक ठेवलं हुतं. आता न्हाई जमायचं.”

मी उरलेले आयुष्य त्या गल्लीत काढणार होते. तिथे माणसाला चोर म्हटले तर तो एक वेळ हसून सोडून देईल. पण ज्याच्या घराने शेजाऱ्याचे पाणी नासवले, त्याच्या दारावरून लोक मान फिरवून जातात. दुसऱ्या दिवसापासून गेलेच. मी उपासनींकडे जाब मागायला गेले. परिणामी ते निवेदन तयार झाले आणि माझ्या अंगणात वाचले गेले.

निवेदन वाचून झाल्यावर उपासनी मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, झालं गेलं. आता कार्यक्रमाला नाही म्हणू नका. पत्रिका गेल्यात. एवढ्या मोठ्या विदुषी तुम्ही, पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या.”

मी म्हटले, “आनंदाने.”

त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले. “खरंच?”

“खरंच. माझी एकच विनंती आहे. शेजाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा. भंवरलालजींना.”

“वा! उत्तम कल्पना. राष्ट्रीय एकात्मता! त्या बिचाऱ्याला कळणार काही नाही, पण फोटोत बरं दिसेल.”

संध्याकाळी मी पुन्हा भिंतीपलीकडे गेले. “भंवरलालजी, भिंत घालायची तर घाला. पण त्याआधी परवा कार्यक्रमाला या.”

“कशाला ओ? त्या गवतावर मी पाय ठेवू?”

“तुम्हाला मराठी येतं, हे उपासनींना माहीत आहे?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “कधी इचारलंच न्हाई त्यांनी,” ते म्हणाले.

एक मेच्या संध्याकाळी हिरवळीवर सतरंज्या आणि खुर्च्या मांडल्या. मंडळी बूटचपलांसकट बसली. एकटे बोथरा अनवाणी आले. पांढरे धोतर, डोक्याला पगडी, पहिल्या रांगेत कडेची खुर्ची. कुणीतरी त्यांना ‘आइए, शेटजी’ म्हटले आणि पुढे पुन्हा कुणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही.

मंडळातल्या माणसांशी माझा सहवास बराच होता आणि त्यांचा अभ्यास मी पोथ्यांइतकाच केला होता. उपासनी आरोप कितीही वेळ नाकारू शकत. श्रेय दुसऱ्याला गेलेले मात्र त्यांना एक घटका सोसत नसे. मंडळाच्या सहलीला पाऊस लागला तर तो हवामानखात्याचा दोष असे, आणि ऊन पडले तर ती तारीख त्यांनी काढलेली असे.

मी प्राचार्यांचा परिचय करून दिला आणि शेवटी म्हटले, “आज आपण ज्या हिरवळीवर बसलो आहोत तिच्याविषयी दोन शब्द. वाळवंटाच्या तोंडाशी, भर उन्हाळ्यात, ही कल्पना सुचणे सामान्य बुद्धीचे काम नव्हे. ही कल्पना, हे नियोजन, पाण्याची ही अपूर्व व्यवस्था, सगळे एकट्या दत्ताराम शेलटकरांचे आहे. यात मंडळाचा किंवा अध्यक्षांचा काडीचाही वाटा नाही, असे खुद्द अध्यक्षांनी लेखी कळवले आहे. त्यांच्या या विनयाचा मान राखून मी त्यांचे नाव घेत नाही.”

टाळ्या पडल्या. प्राचार्य हर्डीकर भावनाप्रधान गृहस्थ होते. त्यांनी शेलटकरला जवळ बोलावले, “संतांनी जे ओवीत केलं ते तुम्ही मातीत केलंत!” असे म्हटले आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. ती शाल थोड्या वेळापूर्वी उपासनींनीच त्यांना घातली होती. शेलटकर घाबरून सगळ्यांना नमस्कार करीत सुटला. मी उपासनींकडे पाहत होते. त्यांचा चेहरा, पोटच्या मुलाचे बारसे शेजाऱ्याच्या नावाने होताना पाहणाऱ्या माणसासारखा झाला होता.

प्राचार्य पुढे निसर्गावर पुष्कळ बोलले. दोनदा हिरवळीचा उल्लेख झाला आणि दोन्ही वेळा शेलटकरांच्या नावाने. त्यानंतर आभारप्रदर्शन होते. ते करायचे होते चिटणिसांनी. पण उपासनी उठले, चिटणिसांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि बोलू लागले.

पुढचे आधी सांगते. त्यांचे बोलणे संपल्यावर टाळ्यांसाठी उचललेले हात कुणी खाली घेईना. बोथरा खुर्चीतून उठले, अनवाणी तसेच ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि म्हणाले, “अध्यक्षसाहेब, भाषण झ्याक झालं. सगळं कळलं. आता टांकं धुऊन, गोड्या पाण्यानं भरून कवा देतायसा, तेवढं बोला.” अस्सल इचलकरंजीचे मराठी. शेलटकरने खांद्यावरची शाल हळूच काढून खुर्चीवर ठेवल्याचे मला आठवते. हिरवळ त्याच आठवड्यात उपटली गेली, टांके घासून धुतले गेले आणि टँकर मंडळाच्या खर्चाने आले. मधली भिंत बोथरांनी घातली नाही. पश्चिमेच्या भिंतीलाही त्यांनीच पुढे माणूस आणून दिला. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

मंडळाने एक ठराव करून माझे सभासदत्व रद्द केले. कारण दिले, ‘पाहुण्यांसमोर अध्यक्षांची दिशाभूल’. पण सोहळ्याचे चित्रीकरण मंडळानेच केले होते आणि त्याची प्रत, जुनी वर्गणीदार सभासद म्हणून, मला आधीच मिळाली होती. तिच्यावरून श्री. गजानन उपासनी यांचे आभारप्रदर्शन मी इथे उतरवून देत आहे. एकही अक्षर दुरुस्त केलेले नाही.

“शेलटकरांचा सत्कार झाला, मला आनंदच आहे. पण मित्रहो, इतिहास अचूक नोंदवला गेला पाहिजे. दत्ताराम म्हणजे नुसते हात, डोकं माझं. बाई तर अंगणाला हात लावू नका असं बजावून पुण्याला गेल्या होत्या. मीच म्हटलं, दत्ताराम, त्या यायच्या आत उरकून टाक. मागून आपण सांगू, बाईंचा फोन आला होता म्हणून. पाणी कुठून आणायचं म्हणून हा रडत बसला होता, तर टांक्यात मोटर सोडायची युक्तीसुद्धा माझीच. निम्मं पाणी शेजारच्या मारवाड्याचं आहे, हे मला काय माहीत नव्हतं? पण म्हटलं, त्याला हिंदीत काहीतरी सांगून देऊ. आपण आपसात काय बोलतो, ते त्याला थोडंच कळतंय!”